बिनपायरीचं घर

ज्याने स्वतःचं घर बांधलंय, त्याला किस्से सांगायचा आग्रह करावा लागत नाही. बांधकाम संपलं की फुटक्या टाइल्स, अर्धी सिमेंटची गोण आणि किस्से एवढं उरतं. टाइल्स आणि सिमेंट मी शेजाऱ्यांना देऊन टाकलं. किस्से मात्र साठत गेले. कोणी नुसतं "प्लॉट बघतोय" म्हणालं तरी मी खुर्ची पुढे ओढतो आणि आमची सुधा चहा टाकायला आत जाते. आता तासभर काही खरं नाही, हे तिला माहीत असतं!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंबरनाथच्या एका कारखान्यात आम्ही ड्रॉइंग ऑफिसला होतो. हेड ड्राफ्ट्समन दामले, उल्हासनगर कॅम्प दोनचा मोटवानी, ब्लू प्रिंट काढणारा भोईर आणि मी. भोईर बदलापूरच्या पुढच्या एका गावचा. माझं घर आम्ही चौघांनी मिळून बांधलं असं म्हणायला हरकत नाही. जिथे जिथे बिघडलं, तिथेही आम्ही चौघंच होतो.

* * *

तेव्हा मी विठ्ठलवाडीला तिसऱ्या मजल्यावर राहायचो. लिफ्ट नाही. वडिलांना, म्हणजे दादांना, अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. बोलणं परत आलं, पण डावा पाय ओढत चालायचे. त्यात एकदा जिन्यात पडले आणि तेव्हापासून त्यांनी पायरीची धास्तीच घेतली. घरात काठी टेकत फिरायचे, खिडकीत बसून डेपोतल्या बस बघायचे. डॉक्टरकडे न्यायचं तर चार जणांनी खुर्चीसकट उचलून खाली आणावं लागे. ते त्यांना अजिबात आवडायचं नाही. खाली येईपर्यंत डोळे मिटून बसायचे.

बदलापूरला प्लॉट घ्यायचं ठरलं तेव्हा मी विचारलं, "दादा, नव्या घरात तुम्हाला काय काय हवं?"

"पायरी नको," ते म्हणाले. "एकही नको. मला माझ्या पायांनी दाराबाहेर जायचंय."

"बास? एवढंच?"

"चौघांनी उचलून न्यायची वेळ एकदा येणारच आहे. तिची दर महिन्याला रंगीत तालीम कशाला?"

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकलं की घर कसंही होऊ दे, पायरी नको.

* * *

आमच्या दामल्यांचा एक नियम होता. ऑफिसातून कुठलंही ड्रॉइंग बाहेर जायचं तर त्याचे तीन व्ह्यू पाहिजेत. वरून, समोरून आणि बाजूने. साध्या बोल्टचं असलं तरी! एक व्ह्यू कमी असला की दामले कागद परत टेबलावर ठेवायचे आणि निघून जायचे.

प्लॉट आम्ही बघितला दिवाळीनंतर. कमरेएवढं गवत, पुढे रस्ता, मागे ओढा, लांबवर डोंगर. हवा अशी की मोटवानी तिथेच डुलकी काढायच्या बेतात होता. लगेच व्यवहार केला आणि जेवणाच्या सुट्टीत घराचा प्लॅन काढला. दादांची खोली रस्त्याच्या बाजूला, दार सरळ रस्त्यावर. काय सुरेख ड्रॉइंग झालं होतं! दामल्यांनी स्वतः त्यावर अक्षर काढलं.

मग गवत कापून भूमिपूजन. गुरुजींनी नारळ जमिनीवर ठेवला. नारळ हलला. गुरुजींनी तो परत आणून ठेवला. या वेळी मात्र तो जो निघाला तो दोरीखालून, चुन्याच्या फक्कीवरून, थेट ओढ्याकडे! भोईर मागे धावला.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "यजमान, मुहूर्त उत्तम आहे. फक्त जागा धरून बसा."

दामल्यांचा चेहरा उतरला होता. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "जोशी, बाजूचा व्ह्यू कोणी काढला?"

कोणीच नाही! आयुष्यभर बोल्टांचे तीन-तीन व्ह्यू काढणाऱ्या माणसांनी घर काढलं ते फक्त वरून. वरून सगळ्याच जमिनी सपाट दिसतात.

तेवढ्यात भोईर नारळ घेऊन धापा टाकत वर आला. "लई उतार हाय वो! पार वड्यात जातंय."

"अरे, तू इथला. आधी बोलला का नाहीस?"

"मना वाटला, तुमी डराइंगवाली मानसा, बगूनच घेतला आसंल!"

* * *

घर रस्त्याच्या पातळीला आणायचं तर मागच्या अंगाला उंच दगडी भिंत घालायची आणि आत मुरूम भरायचा. मोटवानीच्या भावाचं कॅम्प दोनला हार्डवेअरचं दुकान, त्यामुळे हिशेब त्याने केला. करून झाल्यावर पेन्सिल ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिला.

"साईं, एक पायरी वाचवायला तू पूरी बेडरूम जमिनीत गाडतोय!"

खरंच होतं. भिंत केली तर बाकीचं घर अर्धं व्हायचं. भिंत नाही केली तर दाराला पायऱ्याच पायऱ्या. मी सुधाला प्लॅन आणि हिशेब दाखवला. तिने स्वयंपाक करता करताच घर छाटलं.

"मागची बेडरूम नको. गच्चीचा जिना नको. ओट्याला कडप्पा चालेल. कंपाउंडचं गेट नंतर बघू."

"आणि देवघर?"

"कोनाडा करा. देवांचे गुडघे दुखत नाहीत."

आतल्या खोलीतून दादांचा आवाज आला. "सूनबाई, एखादी पायरी चालेल हो मला."

"मला नाही चालणार," सुधा म्हणाली आणि तिने पोळी उलटली.

* * *

मुरुमाची जबाबदारी भोईरने घेतली. त्याच्या चुलतभावाचा डंपर होता. "साहेब, टेन्शन नको, यकदम फास्ट भरून देतो," म्हणाला, आणि शब्द पाळला. रविवारी आम्ही जाऊन बघतो तर भराव अगदी फर्स्ट क्लास, दाबून बसवलेला. फक्त तो शेजारच्या प्लॉटवर होता!

गवत आम्ही पूजेपुरतंच कापलं होतं, हद्दीचे दगड अजून त्यात लपलेले, त्यामुळे चुलतभावाला जो प्लॉट आधी दिसला तो त्याने भरून टाकला. शेजारचा प्लॉट एका निवृत्त हेडमास्तरांचा. ते पेढ्यांचा पुडा घेऊनच उभे होते.

"हल्लीच्या काळात शेजाऱ्यासाठी एवढं कोण करतं!"

मी कसंबसं त्यांना सांगितलं की ही चूक झाली, मुरूम आमचा आहे.

"असं होय? मग न्या ना," हेडमास्तर म्हणाले. "फक्त माझी माती त्यात मिसळली असेल, तेवढी निवडून ठेवा."

पेढे मात्र त्यांनी परत घेतले नाहीत. मुरूम शेवटी तिथेच राहिला. आमच्या वाट्याला जो परवडला तो अर्धाच भराव आला आणि घराचं जोतं रस्त्यापेक्षा दोन फूट खाली राहिलं. म्हणजे पुन्हा पायऱ्या आल्याच. त्या रात्री मला झोप लागली नाही. एवढं छाटून पण शेवटी दादांना दारातच बसवायचं!

* * *

"रॅम्प करू," दामले सकाळी म्हणाले. बहुतेक तेही झोपले नव्हते. दारापासून रस्त्यापर्यंत लांबलचक चढता रॅम्प. पण चढ किती ठेवायचा? दादांना पुढेमागे चाकाची खुर्ची लागली तर? दामल्यांचा कागदावरचा विश्वास आता उडाला होता. त्यांना प्रत्यक्ष ट्रायल हवी होती.

कारखान्याच्या स्टोअरला माल उतरवायचा रॅम्प होता. जेवणाच्या सुट्टीत आम्ही एका ट्रॉलीवर लाकडी खुर्ची बांधली. खुर्चीत खुद्द दामले बसले, मांडीवर फूटपट्टी. मोटवानीने मागून धरलं होतं. म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं!

दामले जे सुटले ते स्टोअरच्या दारातून आत, मशिनं पुसायच्या चिंध्यांच्या ढिगात. त्याच ढिगापलीकडे मॅनेजरसाहेब स्टॉक बघत होते.

"हे काय चाललंय?"

दामले चिंध्यांतून उठून सरळ उभे राहिले. "वडिलांची ट्रायल, सर."

"कोणाच्या वडिलांची?"

"जोशीच्या, सर."

"मग तुम्ही का बसलात?"

"वजन तेवढंच आहे, सर."

साहेबांनी खुर्ची बांधलेली ट्रॉली वाकून बघितली. मग म्हणाले, "चढ कमी करा." आमच्या रॅम्पचा चढ त्या ट्रॉलीने ठरवला. मोटवानीने कॅम्प दोनला पाडल्या गेलेल्या एका दुकानाचं पाइपचं रेलिंग आणून स्वतः उभं राहून बसवून घेतलं. मी पैसे विचारले तर चिडला. "काका पकडतील ना? बस, झाला हिशेब!"

* * *

आम्ही राहायला गेलो. पहिल्या दिवशी दादा रेलिंग धरून रस्त्यापर्यंत गेले आणि नुसते उभे राहिले. दुसऱ्या दिवशी विजेच्या खांबापर्यंत. मग पुढच्या खांबापर्यंत. आम्ही कोणी सोबत निघालो की काठी उगारायचे. थंडी येईपर्यंत गल्लीतली कुत्रीसुद्धा त्यांना बघून वाट सोडायला लागली.

एका रविवारी दामले रॅम्पला तडा गेलाय का बघायला आले होते. चहा झाला, गप्पा झाल्या, बारा वाजून गेले, दादांचा पत्ता नाही. सुधा घाबरली. मी आणि दामले रस्त्याच्या एका बाजूला धावलो, सुधा दुसऱ्या. ओढ्याशी बघितलं. खांबापाशी बघितलं. आम्ही परत वळतोय तेवढ्यात सुधाची हाक आली.

आमच्या रस्त्याच्या वरच्या अंगाची घरं चढावर आहेत, त्यामुळे रस्त्यावरून त्यांच्या ओट्यावर जायला दगडी पायऱ्या. अशाच एका उंच ओट्यावर दादा पाय सैल सोडून बसले होते. शेजारी घरमालक आजोबा. दोघांच्या हातात चहाची बशी. काठी खाली, पहिल्या पायरीला टेकून ठेवलेली.

सुधा पायऱ्यांकडे बघत उभी होती. तिला हसू येत होतं आणि ती पदराने डोळे पुसत होती.

"दादा," तिने विचारलं, "वर चढलात कसे?"

"एकेक करून," दादा म्हणाले. मग त्यांनी बशी खाली ठेवली आणि माझ्या मागे बघितलं.

"दामले, टेप आहे ना खिशात? ह्या पायरीची उंची घेऊन ठेवा. फार सोयीची आहे!"