वाहत्या पाण्याशेजारी

आमच्या शेजारच्या चाचांइतका हट्टी माणूस महाडपासून पोलादपूरपर्यंत शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो त्यांच्याशीच वाद घालून दमून बसलेला असेल. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी आखातात पाण्याचा टँकर चालवला. दिवसभर वाळवंटातल्या मजुरांना पाणी पोचवायचं आणि खोलीवर येऊन एसीच्या घरघरीत पडायचं. परत गेल्यावर वाहत्या पाण्याशेजारी तंबू ठोकून झोपायचं, हे त्यांनी तिथेच ठरवून टाकलं होतं. कायमचे परतले तेव्हा त्यांच्या सामानात अत्तरं नव्हती की ब्लँकेटं नव्हती. एक भलामोठा केशरी तंबू होता. तो आधी गच्चीवर लागला, मग थेट दिवाणखान्यात. त्या ईदला पाहुण्यांनी शिरखुर्मा तंबूत पाय दुमडून खाल्ला. चाचींनी कपाळाला हात लावला, तर म्हणाले, "सवय होऊ दे गो सगळ्यांना!"

सरावाचा त्यांना भारी सोस. गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरांनी चढ टाळायला सांगितलं, तर हे रोज पाठीवर तांदळाची गोणी घेऊन जिना चढू लागले. शेवटी दसरा झाल्यावर मला हुकूम आला, "गाडी काढ रे, वरंधला जायचंय." सोबत चाची, प्रेशर कुकर, बिर्याणीचं पातेलं, दोन गाद्या आणि मिक्सर. "चाचा, रानात वीज कुठली?" मी विचारलं. "म्हणून काय चटणी खायची नाय?" ते म्हणाले.

वरंधच्या वरच्या अंगाला झाडीत एक घळ आहे. दोन्हीकडे उभा कातळ, मधून ओढा आणि टोकाला धबधबा. चाचांनी अगदी ओढ्याच्या कडेची वाळू निवडली. चाचींचं माहेर पोलादपूरजवळच्या कापडे गावचं, सगळं बालपण अशा ओढ्यांकाठी गेलेलं. त्या म्हणाल्या, "इथं नको. वर पाऊस झाला तर पाणी येतंय." चाचांनी निरभ्र आकाशाकडे बोट दाखवलं आणि पहिली खुंटी ठोकली.

दुपार कलली तसा घाटमाथा काळवंडला. आमच्या अंगावर थेंब नव्हता, पण ओढ्याचं नितळ पाणी बघता बघता तांबूस झालं, त्यातून पालापाचोळा वाहू लागला. चाची उठल्या. "चला."

"मी वाळूची वादळं काढलीत टँकरात. मी नाय हलत."

चाचींनी वाद घातला नाही. बिर्याणीचं पातेलं उचललं आणि कातळावरून वर चढू लागल्या. चाचांनी एकदा तंबूकडे पाहिलं, एकदा पातेल्याकडे, आणि पुटपुटत निघाले. आम्ही वरच्या सपाटीला पोचतो न पोचतो तोच घळीतून गडगडाट आला आणि लाल पाण्याचा लोंढा त्या वाळूवरून गेला. तंबू फुगला, उठला आणि गाद्या, कुकर, मिक्सरसकट वाहत निघाला. चाचांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला होता. त्यांनी चाचींचा हात घट्ट धरला होता. एवढ्या वर्षांत चारचौघांत प्रथमच असेल. तंबूचा केशरी ठिपका वळणाआड दिसेनासा झाला. मग ते म्हणाले, "रंग मात्र चांगला होता रे. लांबपर्यंत दिसला."

मला वाटलं, संपलं एकदाचं. पण आठवड्याभरात ते नवी ताडपत्री घेऊन माझ्या दारात उभे. फरक एवढाच, की या वेळी जागा चाचींनी ठरवली: धबधब्यापासून दूर, वरच्या सपाटीवर, पण पाण्याचा आवाज येईल अशी. चाचांनी निमूटपणे त्या दाखवतील तिथे खुंट्या ठोकल्या. चहा झाला, जेवण झालं, आणि ते जे आडवे झाले ते झालेच.

उजाडताना मी गाडीतून उठून आलो तर चाची ताडपत्रीबाहेर बसलेल्या. खाली धबधबा एकसुरी कोसळत होता, आतून घोरण्याचा आवाज येत होता. चहासाठी हाक मारणार, तेवढ्यात चाचींनी ओठांवर बोट ठेवलं.

"उठवू नको रे," त्या हळूच म्हणाल्या. "सुट्टीवर यायचे, तेव्हा रात्रभर कूस बदलत पडायचे. जायचा दिवस जवळ येतोय म्हणून. कायमचे आले तरी ती सवय सुटली नाय. असं झोपलेलं मी त्यांना कधी बघितलंच नाय."

मग त्यांनी पदर सावरला आणि ऊन चढेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.