पाणी घातलेली

चूक माझी होती, आणि ती कबूल करायला मला अठरा वर्षं लागली. परवा साक्रीच्या बाजारात मोहफुलांचा आंबूस-गोड वास आला आणि एका लग्नाचा मांडव आठवला. सत्याऐंशी साली मी तिकडच्या डोंगरातल्या शाळेत नवा मास्तर होतो. त्या लग्नात दोन्ही घरांनी मोहाची दारू गाळून आणली होती, आणि कोणाची कडक हे ठरवायला मला बसवलं. नवऱ्याकडची पहिल्या धारेची मी आधी घटाघटा प्यायलो. जीभ बधिर झाली. मग नवरीच्या बापाची चाखून म्हणालो, "हिच्यात पाणी घातलंय." वरपक्ष खिदळला. "पोर बी अशीच शे का?" कोणीतरी ओरडलं. नवरीच्या बापाने माझा पेला हिसकावून चुलीत रिकामा केला. निळा भडका उठला. "मास्तर, पानी कधी पेटस का?" माझी चूक मला कळली, तरी तोऱ्यात मी शब्द मागे घेतला नाही. पुढे सासरी त्या नवरीला सगळे 'पानीवाल्याची' म्हणत. तेही माझ्या कानावर येई. परवा बाजारातून तडक तिच्या सासरी गेलो आणि भरल्या अंगणात म्हणालो, "अक्का, तुझ्या बापाची दारू चोख होती. जीभ माझी मेली होती. मला माफ कर."