देवीच्या टेकडीवर मोटारसायकलने

तुमच्या आजोबांच्या मोटारसायकलच्या चाकांवर देवीच्या टेकडीची तांबडी माती वाळते आहे, आणि मी ती धुऊ दिलेली नाही. मुलांनो, गाडी छोटी आणि स्वस्तातली आहे, पण डांबरी रस्त्यावर धावते तशीच दगडगोट्यांतूनही चढते. सीट उंच, म्हणून मी ओट्यावरून बसते.

गुडघे दुखू लागल्यापासून देवीची ओटी मी शेजारच्या सुमनताईंबरोबर पाठवत होते. ते मनाला लागायचे. म्हातारपणी एकेक रस्ता बंदच होतो, असे मी धरून चालले होते. काल मात्र पंजाबी ड्रेस घातला आणि आजोबांच्या मागे दोन्हीकडे पाय टाकून बसले.

"भाऊजी, वहिनींना दरीत टाकाल हो!" सुमनताई ओरडल्या.

"टाकलंच, तर ओटी तुम्ही भरा," मी म्हटले.

मधल्या चढावर मागचे चाक घसरले.

"उतरतेस का?" आजोबांनी विचारले.

"मुळीच नाही. पहिला गिअर टाका."

गाडी गुरगुरली आणि चढली. वर वारा होता, खाली सगळे गाव. खण-नारळ मी माझ्या हाताने देवीपुढे ठेवला.

"फार दिवसांनी आलात, आजी," गुरव म्हणाले.

"आता दर मंगळवारी येईन," मी सांगितले.