उंदीर पळवणारं मशीन आणि माझा बा

ते मशीन मीच विकत आणलं, हे आधी सांगून टाकते. मी म्हणजे फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली, कर्नाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या वाडीतली पहिली पदवीधर. खोक्यावर किलोहर्ट्झचे आकडे छापलेले होते आणि मला त्यांचा अर्थ कळत होता. अर्थ कळणारा माणूस लवकर फसतो, हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

सुकापूरच्या माझ्या फ्लॅटमध्ये, ओट्याच्या वरच्या प्लगला मी ते पांढरं खोकं लावलं. निळा दिवा लागला. बा शेजारी उभा होता.

"वाजत तर नाय," तो म्हणाला.

"वाजतंय. आपल्या कानाला ऐकू येत नाही. उंदराला येतं. त्याला त्रास होतो आणि तो पळून जातो."

बाने खोक्याला कान लावून बघितला. मग म्हणाला, "आमी वीटभट्टीवर व्हतो तवा बाजूच्या खाणीत सुरुंग उडायचे. पयल्या दिशी तुझी आय दचकली. मंग नाय दचकली. पळून गेलो का आमी? भाकर तितंच व्हती."

"बा, हे सायन्स आहे."

"असंल."

त्या 'असंल'चा मला राग आला. खरं तर राग दुसऱ्याच गोष्टीचा होता. आय गेल्यावर मी बाला वाडीवरून माझ्याकडे आणलं. येताना त्याने लाल तांदळाची एक गोणी आणि सुकटीचा डबा आणला. त्यानंतर महिन्याभरात समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना त्यांच्या ओट्यावर उंदराच्या लेंड्या दिसल्या. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या, बोलायला गोड.

"अगं, राग मानू नकोस हं," त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. "आमच्याकडे दोन-दोन मशीन लावलीत. एकदम इफेक्टिव्ह आहेत. तरी उंदीर दिसतात, म्हणजे बाहेरून येत असणार ना? तुझे वडील आल्यापासूनच सुरू झालंय हे. गावाकडची सवय असते गं, धान्य साठवायची."

दोन दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. सर्वांनी मशीन लावावे. पोत्यातले धान्य व सुके मासे घरात ठेवू नयेत. नाव कुणाचंच नव्हतं. बिल्डिंगमध्ये पोतं एकच होतं. मी अंगठा दाखवून 'ओके' म्हटलं आणि मशीन घेऊन आले. आज त्या अंगठ्याची मला लाज वाटते.

मशीन लावून पंधरा दिवस झाले आणि एका सकाळी त्याच्याच खाली ठेवलेला साबण कुरतडलेला दिसला. निळा दिवा चालू होता.  चहा पिऊन बाने आपले दोन सदरे आणि चादर पिशवीत भरली.

"कुठे निघालास?"

"वाडीवर. माज्यापायी तुला लोकांचं ऐकावं लागतं. गोनी पन नेतो."

वाडीवर कोण होतं त्याचं? गवती छपराचं एक झोपडं आणि आयची चूल. गुडघ्यांमुळे धड चालता येत नाही त्याला. मी म्हटलं, "दोन आठवडे थांब. उंदीर तुझ्यामुळे आले असतील तर मीच तुला सोडून येईन. पण आधी तपासू दे."

तो थांबला. पण पिशवी सोडली नाही, तशीच भरलेली ठेवली.

तळोज्याच्या कंपनीत मी लॅबमध्ये काम करते. तपासणं हेच माझं काम. रोज संध्याकाळी आवरलं की स्वयंपाकघराच्या फरशीवर तांदळाची पिठी पातळ पसरायची, सकाळी पावलं बघायची, वहीत लिहायचं. एक आठवडा मशीन चालू, एक आठवडा बंद. गोणीला, डब्याला हात लावायचा नाही. काकूंनी दारातून पांढरी फरशी बघितली आणि "काय गं, रांगोळी?" म्हणून हसल्या. हसू दे म्हटलं.

मशीन चालू असताना पावलं होती. बंद असताना होती. तेवढीच. एक ओळ तर थेट प्लगच्या खालून गेली होती, सरळ, घाई न करता. आवाज सुटत नसेल असं नाही. पण इतका बारीक आवाज कपाटाला आपटला की तिथेच संपतो, भिंतीपलीकडे जात नाही, आणि समोर साबण असेल तर उंदराला त्याची सवय होते. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. खोकं वाचताना आठवलं नाही, कारण मला ते आठवायचं नव्हतं.

शेवटच्या सकाळी मी वही मिटली. बा गुडघे धरत फरशीवर उकिडवा बसला आणि पिठी वाचू लागला. वाचू लागला असंच म्हणावं लागेल.

"हा हितून येतो," त्याने सिंकखाली बोट दाखवलं. "हितंच परत जातो. गोनीकडं गेलाच नाय बग. एकपन पाऊल नाय. मंग पोटाला खातो कुठं? भाईर खातो, हितं नुसता फिराय येतो. बिळाला एक तोंड कदी नसतं. दुसरं शोद."

दुसरं तोंड डक्टमध्ये होतं. सगळ्या मजल्यांचे पाइप जातात त्या अरुंद जागेत वरून लोक खिडकीतून कचऱ्याच्या पिशव्या टाकत होते. शिळी पोळी, केक, पनीर. आमच्या सुकटीला कोण विचारतो! पाइपभोवती बिल्डरने न बुजवता सोडलेली भोकं होती, आमच्याकडे आणि काकूंकडेही. बाने भांडी घासायची तारेची घासणी भोकात ठासली, वरून सिमेंट थापलं. मग मी आणखी आठ दिवस पिठी पसरली. ती कोरी राहिली.

काकूंना कळलंच. "अगं, पाठव ना त्यांना आमच्याकडे. मजुरी काय असेल ती देऊ."

मी दारातच उत्तर देऊ शकले असते. पण बोट ग्रुपवर दाखवलं गेलं होतं, म्हणून मी तिथेच लिहिलं. मशीन चालू आणि बंद असतानाची वहीची पानं टाकली, डक्टचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "माझे वडील शेतकरी, असं आजवर तुम्हाला सांगितलं. ते खोटं. आम्हाला शेत नव्हतं. कापणीनंतर ते दुसऱ्यांच्या बांधावरची बिळं खणायचे. उंदरांनी आत साठवलेलं भात आम्ही खाल्लं, आणि उंदीरही भाजून खाल्ले. त्यावर मी शिकले. उंदीर कुठून येतो हे या बिल्डिंगमध्ये त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. मदत हवी असेल त्यांनी येऊन विचारावं. मजुरी विचारू नये."

 अर्ध्या दिवसाने काकू आल्या. पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आल्या आणि बासमोर खुर्चीत बसल्या.

"काका, जरा येता का? मी... ते गोणीचं मी उगाच बोलले."

"येतो की, ताय. आदी चा घ्या." चहा संपेपर्यंत तो उठला नाही. मग म्हणाला, "मशीन काडू नका बरं का. दिवा ब्येस हाय."

काकूंना हसावं की नाही कळेना. शेवटी हसल्या.

त्यांचं भोक बुजवून झाल्यावर बा आमच्या स्वयंपाकघराच्या डक्टकडच्या खिडकीतून मान बाहेर काढून वर बघत होता, तेवढ्यात चौथ्या मजल्यावरून एक पिशवी सणसणत खाली आली.

"ए! कोन हाय वर?" तो ओरडला. "हितं कचरा टाकायचा नाय! मी हितंच रातो. रोज बगनार हाय!"

एरवी मी त्याची बाही ओढली असती, बा, हळू बोल म्हटलं असतं. मी खिडकीचं दुसरं दार सरकवलं आणि त्याच्या शेजारी उभी राहिले.

वर कुणीतरी खिडकी लावून घेतली.

"उंद्या परत टाकील," बा म्हणाला. "स्टूल आन मला हितं."