डाव्या बाहीतली शीर

मास्तर स्वतःचे शर्ट स्वतःच शिवत आणि प्रत्येक शर्टाची डावी बाही उजवीपेक्षा ढगळ ठेवत. सहसा ते कुणाच्या ध्यानात येत नसे. एखाद्या चौकस गिऱ्हाइकाने विचारलंच, तर गळ्यातली टेप सारखी करत ते म्हणत, "दुसऱ्यांचे कपडे नीट बेतता बेतता आमचे असे होतात," आणि पुढचं माप घ्यायला लागत.

त्या बाहीत त्यांचा फिस्टुला होता. ब्लडप्रेशरकडे वर्षानुवर्षं काणाडोळा केला, त्यात ऐन चाळिशीत दोन्ही किडन्या गेल्या. डायलिसिससाठी मशीनला भरपूर रक्त लागतं, आणि साध्या शिरेतून ते तेवढ्या वेगाने येत नाही. म्हणून सर्जनने मनगटापाशी धमनी आणि शीर एकमेकींना जोडून दिल्या, तोच हा फिस्टुला. धमनीतलं जोरकस रक्त थेट शिरेत घुसायला लागलं. बिचारी शीर पातळ, नाजूक. पण त्या रेट्याने काही आठवड्यांत ती फुगली, तिची भिंत जाड झाली, आणि सुया टोचायला तयार झाली.

डायलिसिसच्या टेक्निशियनने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मास्तर, रोज सकाळी इथे बोटं ठेवायची. थरथर लागली पाहिजे. ज्या दिवशी लागणार नाही, त्या दिवशी तोंडही न धुता इकडे यायचं." मास्तरांच्या हाताला ती सवयच लागली. डोळे उघडायच्या आधी उजवी बोटं डाव्या मनगटावर जात. थरथर लागली की जीव भांड्यात पडे. कधी त्यांची बायको मनगटाला कान लावून ऐके आणि म्हणे, "चालू आहे हो तुमची गिरणी."

मग ताईने किडनी दिली.

ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. एका थिएटरच्या तिकीट खिडकीवर तिने उभं आयुष्य काढलं होतं. त्या एवढ्याशा भोकातून बोलून बोलून आवाज असा झालेला की घरातही ती रांगेतल्या शेवटच्या माणसाशी बोलल्यासारखी बोले. तपासण्या जुळल्या, तशी तिने कुणाला विचारलंदेखील नाही. नवरा हयात नव्हता, मुलगा कमावता होता. तो आढेवेढे घ्यायला लागला, तर म्हणाली, "दोन आहेत माझ्याकडे. हाउसफुल्लचा बोर्ड लागलेला नाही अजून."

किडनी लागू पडली. मास्तरांच्या चेहऱ्यावरचा काळवंडलेपणा गेला, मशीन सुटलं, ते पुन्हा कात्री चालवायला लागले. डॉक्टर म्हणाले, "वर्षभर हा फिस्टुला राहू दे. किडनी स्थिर आहे असं दिसलं की बंद करून टाकू. छोटंसं ऑपरेशन असतं."

वर्ष गेलं. किडनी ठणठणीत होती. मास्तरांनी फिस्टुला काही बंद केला नाही. आज लग्नसराईची गर्दी, उद्या मुलीची परीक्षा. कारणांना काय तोटा? खरं कारण मात्र त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. सुयांचे ते दिवस त्यांच्या मनातून गेलेच नव्हते. ही किडनी उद्या बंद पडली तर? पुन्हा नवी शीर शोधा, पुन्हा ती तयार होईपर्यंत मानेत नळी घालून घ्या. त्यापेक्षा असू दे चालू.

एकदा ताई जेवायला आलेली असताना मास्तरांची बोटं नकळत मनगटावर गेली. तिने पाहिलं.

"काय रे छोट्या, अजून चाचपतोस?"

"असू दे गं. एक जास्तीची किल्ली शेजारी ठेवतो ना आपण, तसं."

ताई मोठ्याने हसली. ताट उचलताना मात्र हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्या कुलपाचा भरवसा नाही तुला." तिचा एवढा हळू आवाज घरात कुणी कधी ऐकला नव्हता. मास्तरांनी तो ऐकला आणि ऐकलाच नाही असं दाखवलं.

शीर मात्र थांबायला तयार नव्हती. वर्षामागून वर्षं ती आपली वाढतच राहिली. मनगटापासून कोपरापर्यंत नागमोडी झाली, सुया टोचायच्या जागी लिंबाएवढे दोन फुगे आले. मास्तर बाही आणखी ढगळ बेतायला लागले. मग दुकानाचा जिना चढताना त्यांना धाप लागायला लागली. आधी वर पोचल्यावर, मग मध्येच. संध्याकाळी चपलांचे पट्टे पायांत रुतत.

डॉक्टरांनी हाताची आणि हृदयाची सोनोग्राफी केली. मग मास्तरांना समोर बसवून नीट समजावलं, "हृदय रक्त बाहेर टाकतं, ते सगळ्या अंगाला मिळायचं. तुमच्या हातात आपण एक आडवाट काढून दिली होती. ती आता इतकी रुंद झालीये की बरंचसं रक्त अंगभर न फिरता तिथूनच माघारी येतं. बाकीच्या शरीराची गरज भागवायला हृदय दुप्पट राबतंय. ताणून मोठं झालंय ते. फिस्टुला बंद करा. आता टाळू नका."

"विचार करतो," मास्तर म्हणाले.

ही गोष्ट बायकोने ताईच्या कानावर घातली. ताई तडक दुकानात आली. गिऱ्हाइकं उभी होती, पण तिला कुणाची पर्वा?

"तारीख घेऊन टाक. मी येते सोबत."

"बघू."

"काय बघू? माझी किडनी चांगली चालली आहे. मग तुझा हात कशाची वाट बघतोय?"

गिऱ्हाइकांसमोर हाताचा विषय निघाला म्हणून मास्तर आधीच कानकोंडे झाले होते. टेबलावर कात्री आपटून ते म्हणाले, "किडनी दिलीस म्हणजे मला विकत नाही घेतलंस! हात माझा आहे."

ताईने पदर सावरला. समोर बेतून ठेवलेल्या कापडावरून एकदा हात फिरवला, घडी सारखी करावी तसा. आणि जिना उतरून गेली.

तिने अबोला वगैरे धरला नाही. येत राहिली, हसत राहिली, भाचीच्या लग्नात पाहुण्यांना पुढे बसा, मागे बसा करत राहिली. फक्त हाताबद्दल पुन्हा कधी चकार शब्द काढला नाही. मास्तरांना रोज वाटे, आज जावं, तिच्यासमोर बसावं आणि म्हणावं, चुकलं माझं. पण ती इतकी नेहमीसारखी वागे की विषय काढायचा कसा तेच कळेना. असं करता करता ते राहून गेलं.

पुढे ताईच ओळखीची माणसं विसरायला लागली. आधी नावं, मग नाती. सूनबाई तिला जपत असे, पण मधूनच ती घरातल्या घरात रांग लावायला सांगे, पुढचा माणूस कोण म्हणून विचारी.

त्याच सुमारास मास्तर दुकानात कोसळले. छातीत पाणी भरलं होतं. पाणी उतरल्यावर डॉक्टरांनी एका दुपारी हाताला भूल देऊन फिस्टुला बांधून टाकला. सगळं मिळून तासाभराचं काम. इतकी वर्षं घाबरलो ते एवढ्याशाला, या विचाराने मास्तरांना टेबलावरच रडू फुटलं. नर्सला वाटलं, दुखतंय. पुढे धाप कमी झाली, पायांची सूज गेली. हृदय थोडं आवरलं, पुरतं नाही. "आधी केलं असतं तर..." डॉक्टर म्हणाले आणि वाक्य अर्धवट सोडून गोळ्या लिहायला लागले.

टाके निघाल्यावर मास्तर ताईकडे गेले. ती खिडकीपाशी खुर्चीत होती. त्यांनी बाही वर केली, आतली थरथर थांबलेला हात तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "ताई, बंद करून टाकलं गं."

तिने भुवया उंचावल्या. "काय? दुकान?"

मास्तरांनी बाही खाली ओढली. त्यानंतर ते रोज जायला लागले. सूनबाई म्हणाली, "मामा, आंघोळीच्या वेळी रोज विचारतात, कुशीत ही खूण कसली. ऑपरेशनची म्हटलं की चिडतात. म्हणतात, मला काय झालं होतं?"

"मी सांगतो," मास्तर म्हणाले.

ते ताईजवळ स्टूल ओढून बसले. "तुला काही झालं नव्हतं. एका माणसाच्या किडन्या गेल्या होत्या. तू त्याला तुझी दिलीस."

ताई विचारात पडली. "जगला का तो?"

"जगला. अजून जगतोय."

"मग बरं झालं," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "भेटायला येतो का कधी?"

"येतो. फार उशिरा यायला लागला, पण येतो रोज."

ताईने मान डोलावली आणि स्वयंपाकघराकडे वळून, रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात सुनेला विचारलं, "अगं, चहा देतेस ना त्याला?"