सात एक्स गेला कुठी?

माझ्या बायकोचे दहावीचे बाकी सगळे विषय सुटले होते. गणित तेवढं अडलं होतं. ओपन स्कूलमधला हा तिचा शेवटचा प्रयत्न. हुकला असता तर सगळे विषय पुन्हा पहिल्यापासून. मुलगी शिकायला नागपुरात, म्हणून गुरुजींची भूमिका मी पटकावली.

आमचं राज्य हिंदीवालं, म्हणून पुस्तक हिंदीतलं. त्यातला ‘उभयनिष्ठ गुणनखंड’ मी असा गर्जलो की शेजारीण छतावरून डोकावली! पण पांढुर्ण्यात एवढं कोण बोलतो? इथे सगळे ‘कॉमन काढा’ म्हणतात.

“सात एक्सवर्ग अधिक सात एक्स. काढ कॉमन,” मी फर्मावलं.

तिने सात एक्स बाहेर लिहिला, कंसात नुसता एक्स, आणि कंस बंद.

“अवं, दुसऱ्या पदाचं काय?”

“काढलं न बाहेर! डब्यातले सारेच लाडू काढले, त डब्बा रिकामाच राहीन न?”

मी उभा राहिलो. हातवारे केले, आवाज चढवला, उतरवला. तिने सगळं ऐकून घेतलं.

“तुम्ही मस्त बोलून राहिले जी, पण मले समजून नाही राहिलं. उलटं करून पाहू द्या.”

तिने कंस सोडवला. सात एक्स गुणिले एक्स, सात एक्सवर्ग. पुढे कागद कोरा. सांजच्याला गोठ्यात एक बकरी कमी दिसावी तशी ती त्या कोऱ्या जागेकडे पाहू लागली.

“अव्वा! माहा सात एक्स गेला कुठी?”

मी तोंड उघडलं.

“गप बसा थोडसं. सात एक्सले कायनं गुणलं त सात एक्सच येते? एकानं. म्हणजे इथं एक पाहिजे.” तिने कंसात ‘अधिक एक’ लिहिलं आणि पेन आपटला. “हे काढणं नाहीच न बाप्पा, हे त भागणं आहे! सारे काढा-काढा म्हणते, म्हणून मी वजाबाकी करून राहिली!”

मी खाली बसलो. एका शब्दाच्या पोटात शिरून स्वतःची चूक शेपटीला धरून बाहेर ओढणारी बाई माझ्याच घरात राहत होती!

पेपर सौंसरला होता. ती फाटकातून बाहेर आली तीच हसत.

“आलं होतं?”

“आलं. कंस सोडवूनही पाहिला. बरोबर आहे.”

निकालात ती पास झाली. मी पेढ्यांचा डबा घेऊन गल्लीत निघालो, तशी ती दारातून ओरडली, “नुसते पेढे वाटजा! भाषण नोका देऊ!”