दुखवट्याच्या सालचं राकेट

माहा लेक श्रावणात गेला. पऱ्हाटीवर फवारा मारता मारता बांधावर बसला अन् तसाच राह्यला. बियानं घेतलं तवा दुकानदार म्हने, याले अळी लागतच नाई. अळी लागली. बोंड फोडलं का आत गुलाबी अळी. मंग फवारा, अन् फवाऱ्यावर अजून फवारा. लेक गेला तवापासून मले रडू बी आलं नाई. भाकरी टाकत राह्यली, कापूस वेचत राह्यली.

त्याची पोट्टी नववीत. बाप होता तवाच तिनं कागदाच्या नळीचं राकेट बनवलं होतं, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात उडवाले. त्याच्या बुडाशी बारूद भरेल पुंगीएवढी मोटर बसते. ती पेटली का राकेट वर जाते, अन् वरून पन्नीची छत्री उघडून खाली येते. सगळं तयार होतं, मोटर तेवढी नोती. तिचे सर म्हनले, तयार मोटर लय दूर भेटते, अन् कुरियरवाला बारूद आनत नाई. चिखलीत लग्नाची आतषबाजी बनवनारा एक हाय, त्याले पाहा.

आमच्याकडं घरातलं मानूस गेलं का सालभर सन नाई. पुरन नाई, तोरन नाई, फटाका तर नाईच. दिवाळी आली अन् गेली, आम्ही एक टिकली फोडली नाई. हे मले मालूम होतं. तरी चिखलीले गेली. काऊन गेली ते सांगता येत नाई. सून वावरात होती. पोट्टीनं चप्पल घातली, मी बी घातली.

आतषबाजीवाला म्हातारा मुसलमान मानूस, दुकानाबाहेर खाटेवर बसेल.

"शादी कब हाय, अम्मा?"

"शादी नाई भाऊ, शाळेचं हाय."

त्यानं राकेट तळहातावर घेतलं. "ये तो चिडिया हाय." मंग लहान, मधली अन् मोठी, अशा तीन नळ्या समोर ठेवल्या. पोट्टीनं मोठीवर बोट ठेवलं.

"ये लावली तर सीधा लोनारले जाईन, बेटा. तथी एक गड्डा पह्यलेच हाय."

पोट्टी हासली. बाप गेल्यावर पह्यल्यांदा. मी पाह्यलं. मले हासू नाई आलं.

लहान नळी छपरापर्यंत जाईन अन् छत्री उघडाच्या आत डोक्यावर पडन, असं तो म्हने. मंग मधली ठरली. पन त्याच्या मालात शेवटी धमाका राहे. पोट्टी म्हने, "चाचा, धमाका नको, छत्री फाटन. नुस्ता ढकलाले पाह्यजे."

"बगैर धमाके का बान? कोन खरीदेगा?" असं बडबडला, पन बनवून देतो म्हनला.

मोटर आनली त्या दिवशी घरात आढ्यापर्यंत कापूस होता. भाव नोता म्हून विकला नोता. चूलबी आम्ही अंगनात मांडली होती. मोटर पितळी डब्यात घातली अन् गोठ्यात उंच टांगली.

संध्याकाळी भासरे आले, मालकाचे मोठे भाऊ. त्यायले कोनी तरी सांगतलं होतं. अंगनाच्या दारातच उभे राह्यले.

"साल झालं नाई, अन् घरात बान आनला?"

मी पदर पुढं घेतला. "घरात नाई आनला. घरात कापूस हाय. गोठ्यात टांगला."

"मस्करी करतं काय माही?"

"नाई." मस्करी नोतीच.

"लोकं काय म्हनतीन? बाप मेला अन् पोट्टी बान उडवते. तू घरात मोठी. तू नाई म्हन तिले."

पोट्टी चुलीपाशी बसेल होती, माह्याकडंच पाहत. मी नाई म्हनली असती तर राकेट खोक्यात गेलं असतं, अन् तिनं ते पुन्हा काढलं नसतं.

"उडवन ती," मी म्हनली.

भासरे चाय न पेता गेले.

प्रदर्शनाच्या दिवशी मैदानात सरांनी सगळ्यायले मांगं सरकवलं. पोट्टीनं एकदा वळून पाह्यलं, मी मान हालवली. फुस्स झालं अन् राकेट गेलं. माह्या डोळ्यात मोतीबिंदू, मले वरचं काई दिसलं नाई. पोट्टे वरडले म्हून समजलं का छत्री उघडली. बक्षीस दुसऱ्याच कोनाले भेटलं.

दुसऱ्या दिवशी भासरे आले. कापसाच्या गाडीचं विचाराले आलो म्हने. ओट्यावर बसले.

"वर गेलं?"

"गेलं."

"वाजलं?"

"नाई."

"मंग साल मोडलं नाई," म्हनले. सुनेनं चाय ठेवला. त्यायनं पेला.